आगगाडीतून पडून मेला, तर दुप्पट

रात्रीची वेळ. लॉस एंजलिसच्या रस्त्यावर एक मोटार सिग्नल तोडून वेडीवाकडी धावत येते. खांद्याला गोळी लागलेला माणूस तिच्यातून उतरतो, विमा कंपनीच्या सामसूम ऑफिसात शिरतो, डिक्टाफोन (बोललेलं टिपून ठेवणारं यंत्र) पुढे ओढतो आणि क्लेम्स खात्याच्या साहेबांच्या नावे मेमो बोलायला लागतो. तारीख १६ जुलै १९३८. नाव वॉल्टर नेफ, विमा विक्रेता, वय ३५, अविवाहित. आणि मग त्याच मेमोच्या सुरात सांगतो की डीट्रिक्सनला मी मारलं. पैशासाठी आणि एका बाईसाठी. पैसे मिळाले नाहीत आणि बाईही मिळाली नाही.

सिनेमा सुरू होऊन जेमतेम काही मिनिटं झालेली असतात. खून कुणी केला, कशासाठी केला, हाती काय लागलं, सगळं सांगून गडी मोकळा. रहस्यकथेत जे शेवटच्या पानासाठी झाकून ठेवायचं, ते इथे पहिल्याच पानावर. (त्यामुळे या लेखात शेवट फुटला अशी तक्रार कुणी करू नये. तो दिग्दर्शकानेच फोडला आहे.)

हा १९४४ सालचा ‘डबल इंडेम्निटी’. दिग्दर्शक बिली वाइल्डर, लांबी १०७ मिनिटं, कृष्णधवल. ‘फिल्म न्वार’ म्हणजे काय असं कुणी विचारलं की जाणकारांचं बोट बहुतेक वेळा याच सिनेमाकडे जातं. न्वार म्हणजे फ्रेंचमध्ये काळा. गंमत अशी की हे सिनेमे काढणाऱ्यांना आपण न्वार काढतोय याचा पत्ताच नव्हता. महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये अमेरिकन सिनेमे येणं बंद झालं होतं. युद्ध संपलं आणि १९४६च्या उन्हाळ्यात साठलेले सिनेमे पॅरिसमध्ये एकापाठोपाठ एक लागले. नीनो फ्रांक नावाच्या समीक्षकाला त्यांतल्या काहींची जातकुळी एकच दिसली आणि हे नाव रुजलं. थोडक्यात, बारसं झालं तेव्हा पोर चालायला लागलं होतं.

न्वार समजावताना सहसा एक यादी पुढे केली जाते: गडद सावल्या, सिगरेटचा धूर, तिरकी हॅट, ओले रस्ते आणि एक देखणी, घातकी बाई. यादी चुकीची नाही. पण नऊवारी आणि घुंगरू दाखवून लावणी समजावावी, तसलं ते काम आहे. माझ्या मते या सिनेमाची किल्ली त्याच्या नावातच आहे, आणि ते नाव प्रेमाचं नाही की अंधाराचं नाही. ते विमा पॉलिसीतल्या एका कलमाचं नाव आहे. तेव्हा आधी ते कलम.

इंडेम्निटी म्हणजे नुकसानभरपाई, डबल म्हणजे दुप्पट. आमच्या घरी विम्याचे एजंट यायचे तेव्हा वडिलांसमोर फॉर्म सरकवत ‘डबल अ‍ॅक्सिडेंट बेनिफिट’ हे शब्द ते जरा मोठ्याने म्हणत. माणूस आजाराने किंवा म्हातारपणी गेला तर ठरलेली रक्कम, अपघाताने गेला तर त्याच्या दुप्पट. वर्षाला थोडेच पैसे जास्त. कंपनीला हे परवडतं, कारण शंभर विमेदारांमधले फार थोडे अपघातात जातात. ज्या गोष्टीची माणसाला धास्ती जास्त आणि जी घडण्याची शक्यता कमी, तिचा विमा विकणं हा चांगला धंदा असतो. अपघात विम्याचा जन्मच मुळी आगगाडीच्या भीतीतून झाला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमध्ये रेल्वेच्या उतारूंना प्रवासापुरता विमा विकणारी कंपनी निघाली आणि तिचं पाहून १८६४मध्ये अमेरिकेत तसाच धंदा सुरू झाला.

सिनेमातल्या पॉलिसीतही हेच आमिष आहे. साधा अपघात झाला तर ५० हजार डॉलर. पण काही अपघात असे, जे जवळपास कधी घडतच नाहीत, उदाहरणार्थ आगगाडीत मरण. तसं झालं तर १ लाख. नेफला हे पाठ आहे, कारण रोज हेच बोलून तो पॉलिस्या विकतो.

आता गणित मांडू. एका माणसाचं प्रेत रुळांवर सापडलं. तो अपघात असेल तर प्रेताची किंमत १ लाख डॉलर. आत्महत्या असेल तर शून्य, कारण स्वतः ओढवून घेतलेल्याला अपघात म्हणत नाहीत. आणि ज्या बायकोला पैसे मिळायचे तिनेच मारलं असेल तरीही शून्य, वर फाशी किंवा विषारी वायूची कोठडी. प्रेत तेच, रूळ तेच. फक्त कागदावर कुठला शब्द लिहायचा एवढाच प्रश्न. हा सगळा सिनेमा त्या एका शब्दावरची ओढाताण आहे.

नेफ डीट्रिक्सनच्या बंगल्यावर जातो तो मोटारीच्या विम्याचं नूतनीकरण करायला. मालक घरी नसतो. जिन्याच्या वर मालकीण येते, ऊन खात पडलेली, अंगावर फक्त टॉवेल. ही फिलिस, म्हणजे बार्बरा स्टॅनविक. कपडे करून ती खाली उतरते तेव्हा कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर जात नाही. पायऱ्या उतरणाऱ्या पावलांवर आणि घोट्यातल्या साखळीवर खिळून राहतो. नेफची नजर जिथे, तिथेच आपली. साखळीवर काय कोरलंय असं तो विचारतो. नुसतं नाव, ती सांगते. दोन-चार वाक्यांत ती अपघात विम्याचा विषय काढते, आणि पुढच्या भेटीत तो नवऱ्याला न सांगता काढता येईल का म्हणते. नेफ काही बावळट नाही. तिथेच ओळखतो, झटकून उठतो आणि निघून जातो. आणि तरी ती त्याच्या फ्लॅटवर येते तेव्हा अडकतो.

फ्रेंचांनी अशा बाईला ‘फाम फताल’ म्हटलं. आपल्याकडे लगेच विषकन्या आठवते, पण फरक मोठा आहे. विषकन्या दुसऱ्याने घडवलेली असते. राजाने तिला लहानपणापासून विष पाजायचं आणि शत्रूकडे पाठवायचं. फाम फताल कुणाची पाठवलेली नसते. तिला स्वतःला काहीतरी हवं असतं: पैसा, नकोशा लग्नातून सुटका, आपल्या मर्जीचं आयुष्य. त्या काळी बाईने हे उघड मागणं म्हणजेच घाबरण्यासारखी गोष्ट होती. युद्धाच्या वर्षांत बायका कारखान्यांत, ऑफिसांत कमवायला लागल्या होत्या. या दोन गोष्टींचा संबंध अभ्यासक वर्षानुवर्षं जोडत आलेत आणि त्यात तथ्य आहे. पण फिलिस कारखान्यात जात नाही हेही लक्षात ठेवावं. ती बंगल्यात बसून कंटाळलेली आहे.

वाइल्डरने स्टॅनविकला एक भडक पिवळट सोनेरी केसांचा टोप घातला. तो इतका नकली दिसतो की पॅरामाउंट स्टुडिओच्या एका बड्या साहेबाने वैतागून म्हटलं म्हणे, पैसे स्टॅनविकचे मोजले आणि मिळाला जॉर्ज वॉशिंग्टन! टोपावर आजही वाद होतात. मला तो बरोबर वाटतो. ही बाई नखशिखांत दुकानातून आणल्यासारखी दिसायला हवी, आणि तशी ती दिसते. स्टॅनविक तेव्हा मोठी तारका होती, खुनी बाई रंगवायला बिचकत होती; तू नटी आहेस की उंदीर, असं विचारून वाइल्डरने तिला तयार केलं. नेफच्या भूमिकेला तर कुणी मिळेचना. गुन्हेगारांच्या भूमिका करणाऱ्या जॉर्ज राफ्टने गोष्ट ऐकून घेतली आणि विचारलं, कोट उलटून पोलिसचा बिल्ला दाखवायचा प्रसंग कुठाय? तसला प्रसंगच नाही म्हटल्यावर तो उठला. शेवटी हलक्याफुलक्या विनोदी सिनेमांतला गोडगोड फ्रेड मॅकमरे आला. नशीबच म्हणायचं. राफ्टच्या चेहऱ्यावर गुन्हेगार आधीच लिहिलेला होता. मॅकमरे मात्र तुमच्या सोसायटीत कॅलेंडर वाटायला येणाऱ्या विमा एजंटसारखा दिसतो.

मला या सिनेमातली सर्वांत महत्त्वाची कबुली वाटते ती बाईबद्दलची नाही. नेफ सांगतो की या धंद्यात वर्षानुवर्षं तुम्ही जुगाराच्या चाकामागे उभे असता, गिऱ्हाईक मालकाला फसवत नाही ना ते बघत. आणि एके रात्री मनात येतं, मालकाला आपणच फसवलं तर? कसं, ते तर आपल्याइतकं कुणालाच माहीत नाही. म्हणजे बेत आधीचाच. फिलिसला नवऱ्याचं मरण हवं होतं. ते आगगाडीवरच व्हायला हवं, दुप्पटच वसूल करायचं, हा हट्ट नेफचा. ‘तिने मला नादाला लावलं’ ही गोष्ट आपण ऐकतो ती कुणाच्या तोंडून? त्याच्याच. डिक्टाफोन त्याच्या हातात आहे. फिलिसला मेमो बोलायची संधी कुणी दिलेली नाही. न्वारमधल्या घातकी बाया एवढ्या घातकी का दिसतात, याचं निदान एक उत्तर हे आहे की त्यांची गोष्ट सहसा फसलेला पुरुष सांगतो.

बेत असा. मोटारीच्या विम्याचे कागद म्हणून नवऱ्याच्या सह्या घ्यायच्या आणि त्यांतच अपघात विम्याचा अर्ज सरकवायचा. त्याला कॉलेजच्या मेळाव्यासाठी आगगाडीने जायला लावायचं. मध्येच त्याचा पाय मोडतो, तोही कुबड्यांसकट बेतात बसवायचा. वाटेतच त्याला मारायचं, त्याच्या जागी नेफने गाडीत चढून शेवटच्या डब्यामागून उतरायचं आणि प्रेत रुळांवर ठेवायचं. बायको त्याला स्टेशनवर सोडायला निघते, नेफ मागच्या सीटपाशी दडलेला. ती तीनदा हॉर्न वाजवते.

या क्षणी कॅमेरा काय करतो ते नीट पाहा. शेजारच्या सीटवर नवऱ्याचा जीव घेतला जातोय, पण आपल्याला दिसतो तो फक्त स्टेअरिंग धरलेल्या फिलिसचा चेहरा. नजर समोर. ओठांच्या कडेला काहीतरी हलतं आणि थांबतं. याला समाधान म्हणायचं की नाही, हे मी सिनेमा दरवेळी पाहताना वेगळं ठरवतो.

हा प्रसंग असा घेण्यामागे कला आहे तशी सक्तीही आहे. हॉलिवूडने १९३०मध्ये स्वतःवर एक आचारसंहिता घालून घेतली होती आणि १९३४पासून जोसेफ ब्रीनचं ऑफिस ती कडकपणे राबवत होतं. गुन्ह्याची रीत तपशिलात दाखवायची नाही, व्यभिचार गोड दाखवायचा नाही, गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे. जेम्स केनची मूळ कथा स्टुडिओंच्या हाती फिरायला लागली तेव्हा, १९३५मध्येच, ब्रीनने हे पडद्यावर येणं शक्य नाही असं कळवून टाकलं. आठएक वर्षं तिला कुणी हात लावला नाही. पुढे वाइल्डरने रहस्यकथाकार रेमंड चँडलरला सोबतीला घेऊन पटकथा लिहिली. दोघांचं एकमेकांशी बिलकुल पटलं नाही, पण जोडी मात्र अशी जमली की दाखवायची बंदी असलेलं सगळं त्यांनी बोलण्यातल्या टोमण्यांत आणि दाराआड ढकललं. नेफ-फिलिसची पहिली छेडाछेडी मोटारीच्या वेगमर्यादेवर चालते: या राज्यात वेगाची मर्यादा आहे, दंडाची पावती फाडा, ताकीद देऊन सोडा. वरवर वाहतुकीचे नियम आणि आत भलतंच. सेन्सॉरने कात्री कुठे लावायची?

केनलाही ही गोष्ट हवेतून सुचलेली नव्हती. १९२७मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात रूथ स्नायडर नावाच्या बाईने प्रियकर जड ग्रे याच्या मदतीने नवऱ्याला मारलं. नवऱ्याच्या नकळत काढलेली पॉलिसी होती आणि तिच्यात दुप्पट भरपाईचं कलम होतं. केन तेव्हा न्यूयॉर्कमध्ये पत्रकारिता करत होता. जानेवारी १९२८मध्ये सिंग सिंग तुरुंगात दोघांना विजेच्या खुर्चीत बसवलं गेलं. एका छायाचित्रकाराने घोट्याला छोटा कॅमेरा बांधून आत नेला आणि रूथच्या शेवटच्या क्षणाचा फोटो चोरून काढला. दुसऱ्या दिवशी तो वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर होता. फिलिसच्या घोट्यातली साखळी पाहताना मला दरवेळी तो कॅमेरा आठवतो. संबंध काही नसेल.

आता त्या प्रसिद्ध सावल्या. सिनेमात माणसावर साधारण तीन बाजूंनी प्रकाश टाकतात. मुख्य दिवा, ज्याला की लाइट म्हणतात. त्याने पडलेल्या सावल्या भरून काढणारा फिल लाइट. आणि माणसाला मागच्या भिंतीपासून सुटा करणारा बॅक लाइट. हसऱ्या कौटुंबिक सिनेमात फिल भरपूर; चेहरा उजळ, सावली जवळपास नाही. न्वारच्या छायाचित्रकाराने काय केलं, तर फिल कमी करत करत जवळजवळ काढूनच टाकला. उरला एक कडक दिवा, अर्धा चेहरा आणि बाकी काळोख. या सिनेमाचा छायाचित्रकार जॉन साइट्झ याने त्या दिव्यापुढे खिडकीच्या आडव्या पट्ट्यांचा पडदा लावला. दिवसाढवळ्या दिवाणखान्यात नेफच्या कोटावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या पडतात, कैद्याच्या कपड्यांसारख्या. गुन्हा अजून घडलेलाही नसतो. खोलीतली हवा शिळी दिसावी म्हणून त्याने अ‍ॅल्युमिनियमची पूड हवेत उडवली. उन्हाच्या तिरपीत ते कण तरंगताना दिसतात. या बंगल्यात कुणी धूळ झटकत नाही, हे संवादाशिवाय कळतं.

ही तऱ्हा बरीचशी बर्लिनहून आली. वाइल्डर तिथे आधी बातमीदार आणि मग पटकथाकार होता. ज्यू असल्यामुळे १९३३मध्ये हिटलर सत्तेवर येताच त्याला पळावं लागलं. त्याच्यासारखे बरेच जण जर्मन सिनेमातली सावल्यांची विद्या घेऊन हॉलिवूडला पोहोचले. कॅलिफोर्नियाच्या लख्ख उन्हात हा एवढा अंधार कुठून आला, याचं उत्तर त्यांच्या सामानात आहे.

आणि आता कीज. एडवर्ड रॉबिन्सनने केलेला हा क्लेम्स खात्याचा साहेब माझ्या लेखी या सिनेमाचा प्राण आहे. बुटका, चिरूट चघळणारा, खिशात कधी काडेपेटी नसलेला. त्याच्या पोटात म्हणे एक छोटा माणूस राहतो. खोटा क्लेम आला की तो आतून लाथा मारतो आणि कीजला जेवण जात नाही.

कंपनीचा मालक नॉर्टन पैसे वाचवायला आत्महत्येचा सिद्धांत काढतो. कीज त्याला आकडेवारीचे तक्ते ऐकवतो. आत्महत्या वंशावार, व्यवसायवार, ऋतूवार. विषाने, विषांचे प्रकार. उडी मारून, उंचावरून, चाकांखाली, घोड्यांच्या टापांखाली, बोटीवरून. या सगळ्या नोंदींत चालत्या गाडीच्या शेवटच्या डब्यामागून उडी मारून जीव दिल्याची एकही नोंद नाही. आणि गाडीचा वेग तरी किती, तर ताशी १५ मैल! त्या वेगाला मरायची खात्री कोण धरेल? रॉबिन्सन हे एका दमात, शेअर बाजाराचे भाव वाचावेत तसं म्हणतो. नेफ शेजारी उभा राहून ऐकतो आणि त्याला साहेबाचा अभिमानच वाटतो. त्याची चोरी त्या क्षणी वाचलेली असते, पण वाचवणारा हाच माणूस पुढे पकडणार हेही त्याला ठाऊक असतं. न्वारमधलं ते सुप्रसिद्ध ‘नशीब’ इथे असं तक्त्यांच्या पुस्तकातून येतं. कुणी शाप दिलेला नाही. फक्त संभाव्यता फार कमी आहे.

मग रात्री कीज नेफच्या घरी येतो. पोटातला माणूस झोपू देत नाही. अपघात विमा घेतलेल्या माणसाचा पाय मोडला, मग त्याने पायाचा क्लेम का नाही केला? (माझ्या मते गुन्हेगारी सिनेमात याहून साधा आणि याहून पक्का धागा सापडणार नाही. रक्ताचा डाग नाही, ठसा नाही. न भरलेला एक फॉर्म.) कीज विचार करत म्हणतो, कदाचित आपला विमा आहे हेच त्याला माहीत नसेल. उत्तर सापडलं! पण पुढच्याच श्वासाला तो ते टाकून देतो. छे, पॉलिसी तर तूच त्याच्या हातात दिलीस ना, वॉल्टर?

फिलिस त्याच वेळी बाहेर बोळात, उघड्या दाराच्या आड उभी असते. फ्लॅटचं दार बाहेरच्या बाजूला उघडतं, जे खऱ्या इमारतीत सहसा होत नाही. प्रसंगासाठी केलेली ही लबाडी आहे. चालायचंच. दाराच्या एका बाजूला बाई, दुसऱ्या बाजूला साहेब, मध्ये मूठ धरून नेफ. एवढ्या एका चौकटीत सगळा सिनेमा मावलाय.

पुढचं वेगाने घडतं. दुकानात डबाबंद खाण्याच्या रांगांमध्ये दोघांच्या चोरट्या भेटी, फिलिस गडद चष्म्यात. एकमेकांवरचा संशय. कीज म्हणतो तसं, खुनात दोघं असले की ते एकाच ट्राममध्ये बसलेले असतात, मधल्या थांब्यावर कुणालाच उतरता येत नाही आणि शेवटचा थांबा स्मशान. शेवटी त्याच पट्ट्यापट्ट्यांच्या दिवाणखान्यात ती त्याच्यावर गोळी झाडते, दुसरी झाडू शकत नाही, आणि तो मात्र झाडतो.

सिनेमाला ऑस्करची ७ नामांकनं मिळाली, पुरस्कार एकही नाही. त्याचे वंशज मात्र पुष्कळ. १९८१मध्ये अमेरिकेतच ‘बॉडी हीट’ने हा साचा उचलला आणि त्याच्यावरून आपल्याकडे २००३मध्ये ‘जिस्म’ आला. त्यात बाई आहे, घाम आहे, समुद्र आहे, कीज नाही. तिथेच पाणी मुरतं असं माझं मत.

वाइल्डरने नेफला विषारी वायूच्या कोठडीत मरताना दाखवणारा शेवट खर्च करून चित्रित केला होता आणि मग काढून टाकला. त्याची गरजच उरली नव्हती. पहाटे मेमो संपवून नेफ वर पाहतो तर कीज दारात उभा. किती वेळ ऐकतोय कोण जाणे. तू ज्याला शोधत होतास तो फार जवळ होता, नेफ म्हणतो, टेबलाच्या पलीकडेच. त्याहून जवळ, कीज म्हणतो. नेफ लिफ्टपर्यंतही पोहोचत नाही, दारापाशी कोसळतो. सबंध सिनेमाभर कीज चिरूट तोंडात धरून खिसे चाचपतो आणि नेफ अंगठ्याच्या नखावर काडी ओढून तो पेटवून देतो. आता नेफच्या ओठांत सिगरेट आहे आणि हाताला काडी ओढवत नाही. कीज खाली वाकतो, त्याच्या हातातली काडी घेतो आणि ओढतो.